सातवा घाणा

मयूरीचे केस सगळ्यांत लांब, कमरेच्याही खाली येणारे, म्हणून पहिल्यांदा तिलाच बसवलं.

वस्तीतल्या समाजमंदिराच्या व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची मांडली होती. वृषालीने धाकट्या बहिणीच्या मानेवरचे केस बाजूला केले, आतली पेन्सिलीएवढी जाड बट निवडली, मुळाशी पांढरा दोरा बांधला आणि कातडीला चिकटून कात्री चालवली.

"झालं?" मयूरीने विचारलं.

"झालं."

"एवढंच? मले वाटलं दुखन."

मागे रांगेत उभ्या असलेल्या बाया हसल्या. सगळ्या मिळून तेवीस जणी होत्या. वणीपासून अर्ध्या तासावर, वर्धा नदीच्या अलीकडे जो 'अंगार द्रवइंधन' प्रकल्प आहे, त्याच्या गाळणी विभागात त्या कामाला होत्या. कोळशापासून तयार झालेलं तेल गाळणीतून गेलं की मागे काळा चिकट गाळ उरतो. तो खरवडून पिंपात भरायचा, हे त्यांचं काम. गेल्या दोन वर्षांत त्यांच्यापैकी नऊ जणींच्या लघवीतून रक्त जायला लागलं होतं. मयूरीसह पाच जणींना मूत्राशयाची गाठ निघाली होती. कंपनीचं म्हणणं होतं, या बाया घरी दगडी कोळशाच्या शेगड्या पेटवतात, मिशरी लावतात, त्याला प्रकल्प काय करणार? मयूरीने घरोघर फिरून सगळ्यांना एकत्र केलं, वकील गाठला आणि नागपूरच्या लवादात अर्ज टाकला. अर्जावर पहिलं नाव तिचं होतं.

"माह्या केसायतून का निघन, वृषालीबाई?" सिंधूबाई आत्राम खुर्चीवर बसता बसता म्हणाल्या. त्या सगळ्यांत वयस्क. "अर्धे तं पिकले."

"पिकलेले चालतात, काकू. आत साठलेलं जात नाही."

वृषाली ठेंगणे त्याच प्रकल्पाच्या प्रयोगशाळेची मुख्य विश्लेषक होती. कंपनीच्याच माणसाने, तेही पहिल्या अर्जदाराच्या बहिणीने, कंपनीविरुद्धचे नमुने तपासावेत हे विचित्र होतं, पण ही तपासणी करू शकेल असं यंत्र तेव्हा एकच होतं आणि ते वृषालीने बांधलेलं होतं. लवादाने दोन्ही बाजूंना विचारलं. कंपनीने हरकत घेतली नाही. बायांनी तर तिचंच नाव धरून ठेवलं होतं. प्रत्येक बटेचे दोन भाग करायचे, अर्धा भाग वृषालीकडे आणि अर्धा सीलबंद लवादाकडे, एवढीच अट होती.

कोळशाचं तेल म्हणजे एक पदार्थ नव्हे. भुकटी केलेला कोळसा द्रावणात कालवून, हायड्रोजनच्या प्रचंड दाबाखाली सव्वाचारशे अंशांवर तापवला की तो वितळून येतो, आणि त्या काळपट द्रवात हजारो पदार्थ एकमेकांत गुंतलेले असतात. ते वेगळे करायचे तर द्रवाची वाफ करून ती साठ मीटर लांबीच्या, केसासारख्या बारीक नळीतून सोडतात. नळीच्या आतल्या अस्तराला कुणी जास्त चिकटतो, कुणी कमी. त्यामुळे प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला पलीकडे पोचतो. याला क्रोमॅटोग्राफी म्हणतात, आणि ती जुनी विद्या आहे.

खरी अडचण पुढे येते. नळीतून बाहेर पडलेल्या पदार्थाचं नुसतं वजन केलं तर पुष्कळदा काही कळत नाही. तेच अणू, तेवढेच अणू, फक्त एखादा गट कड्याच्या या कोपऱ्याऐवजी त्या कोपऱ्यावर बसलेला, असे जुळे पदार्थ कोळशाच्या तेलात शेकड्यांनी असतात. वजनात ते सारखेच भरतात. पण अवरक्त प्रकाशाला ते फसवू शकत नाहीत. रेणूतला प्रत्येक बंध आपल्या ठरावीक लयीत थरथरतो आणि त्या लयीचा प्रकाश गिळतो. गटाची जागा बदलली की थरथरणं बदलतं. वृषालीने नळीच्या टोकाशी एक हळूहळू फिरणारी, उणे दोनशे अंशांपर्यंत गार केलेली काचेसारखी चकती बसवली. बाहेर पडणारा प्रत्येक पदार्थ त्या चकतीवर डोळ्यांना न दिसणारा ठिपका होऊन गोठायचा आणि त्या ठिपक्यातून अवरक्त किरण आरपार जायचा. पंधरा वर्षांच्या खटपटीनंतर ते यंत्र ग्रॅमच्या लाखकोटीव्या भागापर्यंत वाचायला लागलं.

एवढं बारीक वाचता यायला लागल्यावर केसांचा उपयोग सुचला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्या महिन्यात रक्तात जे असेल ते केसात कायमचं अडकतं. वरून लागलेलं धुऊन टाकलं की आत उरतं ते फक्त शरीरातून आलेलं. कमरेखालपर्यंत केस असलेल्या बाईच्या डोक्यावर तिची सहा वर्षांची रोजनिशी लिहिलेली असते.

आणि प्रत्येक घाण्याची ओळख वेगळी. प्रकल्पात एका वेळी काढलेल्या तेलाला कामगार घाणा म्हणतात. कोळसा कुठल्या थरातला, द्रावण कोणतं, दाब किती, यावरून जुळ्या पदार्थांचं आपसातलं प्रमाण बदलतं. प्रकल्प सुरू झाल्यापासूनच्या प्रत्येक घाण्याची नोंद वृषालीने संग्रहात ठेवली होती. केसांतून आलेखावर उमटलेल्या रेघा त्या संग्रहाशी ताडून पाहिल्या की विष कुठून आलं ते कळायचं. शेगडीच्या धुराची ओळख तर इतकी निराळी होती की एखाद्या नवशिक्यालाही ती कळली असती.

बावीस नमुन्यांचे निकाल अकरा दिवसांत आले. वृषालीला हवे होते तसेच होते. शेगडीचा धूर नावापुरता. गाळणीतल्या गाळाची ओळख महिन्यामागून महिना, स्पष्ट. मध्ये फक्त एक मोकळी जागा होती. तीन वर्षांपूर्वी आग लागून प्रकल्प सात महिने बंद होता. त्या सात सेंटिमीटरांत बावीसही जणींच्या केसांतली रेघ तळाला गेली होती. लवादाला याहून सोपा पुरावा दाखवता आला नसता.

तेविसावी बट मयूरीची. सगळ्यांत लांब, म्हणून ती तपासायला शेवटी घेतली होती.

मयूरीच्या केसांत त्या सात महिन्यांतही रेघ खाली गेली नाही.

वृषालीने नळी बदलली, चकती धुतली, पुन्हा चालवलं. रेघ होती तिथेच राहिली. शिवाय ती गाळाची नव्हतीच. गाळाची ओळख मयूरीच्या केसांत होती, पण फिकी, बाकीच्यांच्या निम्मीही नाही. तिच्यावर बसलेली दुसरी, जाड, एकसारखी रेघ सहा वर्षं अखंड चालत आलेली होती. वृषालीने ती संग्रहात शोधायला टाकली. उत्तर यायला चार सेकंदं लागली. प्रायोगिक घाणा, क्रमांक सात.

घाणा सात प्रकल्पात कधी आलाच नव्हता. नऊ वर्षांपूर्वी नव्या द्रावणाची चाचणी म्हणून प्रयोगशाळेतल्या छोट्या भांड्यात तो काढला होता, सगळा मिळून वीस लिटर. तेलात मूत्राशयात गाठ आणणाऱ्या अमाइन नावाच्या रसायनांचं प्रमाण फार निघालं म्हणून ते द्रावण सोडून दिलं. पंधरा लिटर चाचण्यांत संपलं. पाच लिटर उरलं.

त्याच उन्हाळ्यात मयूरी आणि तिचा नवरा प्रफुल यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. जुन्या बाजारातून सागाचे वासे आणले आणि महिन्याभरात त्यांना वाळवी लागली. मयूरीने फोन केला. ताई, तुमच्याकडं ते काळं तेल असते ना, त्यानं वाळवी मरते म्हणते. वृषालीने उरलेला डबा स्कूटरवर पायाशी ठेवून नेला. दोघी बहिणींनी मिळून रविवारभर वासे रंगवले, दोन्ही दारं रंगवली, उरलेल्या तेलात ओवीचं अभ्यासाचं लाकडी टेबल. ओवी तेव्हा सहा वर्षांची होती. अमाइनांचा निकाल वृषालीने त्याआधी पंधरा दिवस स्वतःच्या हाताने लिहिला होता. पण ते प्रयोगशाळेतले आकडे होते, आणि वाशांवर वाळून गेलेलं तेल कुठे जाणार आहे, असं तिला त्या रविवारी वाटलं असावं. नक्की काय वाटलं होतं ते तिला आता आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. लोहकऱ्यांनी तिला बोलावलं. अविनाश लोहकरे प्रकल्पाचे तांत्रिक संचालक होते आणि त्याआधी वृषालीचे प्राध्यापक. ते कुणावर आवाज चढवत नसत. त्यांनी चहा मागवला.

"ठेंगणे, काल दुपारी तुम्ही घाणा सातची नोंद चार वेळा उघडलीत."

संग्रह कंपनीच्या सर्व्हरवर होता. वृषालीने ते विचारातच घेतलं नव्हतं.

"डबा पाच लिटरचा होता," ते म्हणाले. "विल्हेवाटीच्या कागदावर तुम्ही 'जाळून नष्ट' असं लिहिलंत. खाली सही माझी आहे. मी तेव्हा विचारलं नाही, कारण तुमच्यावर विश्वास होता. कुठे गेला डबा?"

तिने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघा, तुमची पद्धत खरी असेल तर बावीस बाया आमच्या अंगावर आणि तुमची बहीण तुमच्या. पद्धत खोटी असेल तर कुणीच आमच्या अंगावर नाही. कंपनीला यातलं काय आवडेल ते मी सांगायला नको."

"पद्धत खरी आहे, सर."

"मला माहीत आहे. मीच तुम्हाला शिकवलं. पण लवादाला काय माहीत? तुम्ही एवढंच म्हणायचं की प्रकल्प बंद असतानाही एका नमुन्यात रेघ दिसते, तेव्हा यंत्राची चूक नाकारता येत नाही. पुढचं वकील बघतील. डब्याचा विषय कधीच निघणार नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "मयूरीला जी लस हवी आहे, गाठीवरची, ती प्रत्येक रुग्णासाठी वेगळी बनवावी लागते. मोठ्या संस्थेच्या शिफारशीशिवाय तिथे नंबर लागत नाही. शिफारस मी करीन. तिला महिन्याभरात लस मिळेल."

"आणि बाकीच्या?"

"त्यांच्याविषयी तुम्ही ठरवायचं आहे."

त्यांनी तिचा चहा तिच्यापुढे सरकवला आणि दुसरी फाइल उघडली.

दुपारी वृषाली बहिणीकडे गेली. प्रफुल खाणीत डंपरवर गेला होता, ओवी शाळेत. मयूरी खाटेवर पडून होती. खोलीत तोच वास होता, डांबर आणि डांबरगोळ्यांच्या मधला. तो वास या घराचाच म्हणून वृषालीने नऊ वर्षं घेतला होता. मयूरी तर आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची की माझ्या घरात वाळवी नाही, डास नाहीत.

वृषालीने उभ्यानेच सगळं सांगितलं. बसून सांगण्याचा धीर नव्हता.

मयूरीने वर वाशांकडे पाहिलं.

"म्हणजे मी निजते तवा..."

"उन्हाळ्यात जास्त. पत्रा तापला की वाफ सुटते."

"ओवी बी इथंच निजते."

वृषालीने कोपऱ्यातल्या ओवीच्या टेबलाकडे पाहिलं.

"लोहकरे काय म्हणते?"

तेही तिने सांगितलं, लसीसकट. ते लपवायचं असं ती येताना ठरवून आली होती. पण मयूरीने विचारलं आणि तिला लपवता आलं नाही.

"मंग म्हण ना तसं," मयूरी म्हणाली.

"मयू, सिंधूकाकूंना रोज रक्त जातंय. गाळणीवरच्या बेबीची गाठ तुझ्यापेक्षा मोठी आहे. मी तसं बोलले तर एकीलाही उपचार मिळणार नाही. पुढे कधीच मिळणार नाही. ही पद्धत पुन्हा कुणी लवादात आणणार नाही."

"मले बी रक्त जाते."

"हो."

"त्यायले मी आणलं, ताई. केस देत नव्हत्या, मी पाया पडून आणलं एकेकीले. आता मी मरन अन् त्या जगतीन?" ती रडत नव्हती. आवाज कोरडा होता. "मी चांगली बाई असन नसन. मले जगायचं आहे. ओवी दहावीत आहे. आई गेली तवा तूच म्हणाली, काही लागलं तं मले माग. मी आजवर काय मागलं तुले? तेलाचा डबा मागला. आता हे मागते."

वृषालीने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. मयूरीने हात चादरीखाली घेतला.

"जाय आता," ती म्हणाली. "ओवी याच्या आधी जाय."

लवाद सोळा दिवसांनी बसला. त्या सोळा दिवसांत वृषालीने दोन निवेदनं लिहिली आणि दोन्ही पर्समध्ये ठेवली. बायांच्या वकिलाने बावीस आलेख दाखवले. बंदच्या महिन्यांतली खाली गेलेली रेघ पाहून अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. मग कंपनीचा वकील उठला.

"पहिल्या अर्जदाराच्या केसांत बंदच्या काळातही हे पदार्थ आहेत. खरं?"

"हो."

"प्रकल्प बंद. गाळणी बंद. तरी विष चालूच. मग ही यंत्राची चूक समजायची का, मॅडम?"

बाया भिंतीशी बाकांवर बसल्या होत्या. मयूरी पहिल्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन. ती वृषालीकडे एकटक बघत होती.

"चूक नाही," वृषाली म्हणाली. "ते माझ्याकडून आलं."

मग तिने घाणा सात, अमाइनांचा निकाल, जाळला म्हणून लिहिलेला डबा आणि तो रविवार, सगळं क्रमाने सांगितलं. आकडे विचारले तेव्हा न अडखळता आकडे दिले. सांगत असतानाच तिला कळलं की ही आपली आजवरची सर्वांत पक्की साक्ष आहे. चूक वाटावी असा एकमेव नमुना तिने उलगडून दाखवला होता, आणि त्यामुळे बाकीचे बावीस आता कुणालाच हलवता येणार नव्हते. आपण हे त्या बायांसाठी बोललो की पंधरा वर्षांचं यंत्र खोटं ठरू नये म्हणून, याचा निवाडा तिला त्या दिवशीही करता आला नाही आणि पुढेही नाही.

तिने बोलणं संपवलं तेव्हा मयूरी खिडकीबाहेर बघत होती.

आदेश त्याच आठवड्यात आला. 'मयूरी प्रफुल चटप आणि इतर बावीस' हे प्रकरणाचं नाव खोडून 'सिंधू आत्राम आणि इतर एकवीस' असं करण्यात आलं. कंपनीने बावीस जणींचा आयुष्यभराचा उपचार करायचा, लस द्यायची. पहिल्या अर्जदाराचा आजार प्रामुख्याने घरातल्या बाह्य कारणामुळे, म्हणून अर्ज अमान्य. गाळाची फिकी रेघ तिच्याही केसांत होती, पण निम्म्याहून कमी वाटा कायद्यात धरला जात नव्हता.

वृषालीची नोकरी गेली. चोरीची तक्रार मात्र लोहकऱ्यांनी केली नाही. त्यांनी फोन करून सांगितलं, "तुम्ही काम चोख केलंत. मला अभिमान वाटला. आता शिफारशीचा प्रश्न उरत नाही, हे तुम्हालाही पटेल." दोन महिन्यांत चंद्रपूरच्या एका प्रयोगशाळेने तिला तिच्या पद्धतीसकट बोलावून घेतलं. केसांचे नमुने आता सगळ्या खाणपट्ट्यातून येत होते.

तिने मयूरीच्या लसीसाठी मुंबई, हैदराबाद, दिल्ली, सगळीकडे अर्ज केले. सगळीकडून तेच उत्तर आलं. संस्थेची शिफारस जोडा.

दरम्यान कंपनीची माणसं मयूरीच्या घरी आली. लवादासमोर घातक पदार्थ म्हणून नोंद झालेली वस्तू वस्तीत ठेवता येत नाही, असा नियम होता. पांढरे पोशाख, तोंडावर मुखवटे. मयूरीची खाट त्यांनी बाहेर लिंबाखाली नेऊन ठेवली. मग पत्रे उतरवले. एकेक वासा काढून त्यावर क्रमांक टाकला, प्लास्टिकमध्ये गुंडाळला. दारं काढली. टेबल नेताना ओवीने वह्या-पुस्तकं काढून घेण्यापुरतं त्यांना थांबवलं. संध्याकाळपर्यंत चार भिंती उरल्या. खाटेवरून मयूरीला दारांच्या मोकळ्या जागांतून पलीकडचं शेत दिसत होतं.

वृषाली छपरासाठी नवे लोखंडी पाइप आणि ताडपत्री घेऊन टेम्पोने आली. प्रफुल फाटकातच उभा राहिला.

"भाऊजी, आजच्यापुरतं तरी..."

"ताई, तुम्ही लय दिलं आमाले," तो म्हणाला. "आता नका देऊ."

टेम्पो तसाच परत गेला. त्या रात्री प्रफुलने शेजाऱ्यांकडून मागून आणलेली ताडपत्री भिंतींवर ताणली.

लस घ्यायला बाया कंपनीच्या बसने नागपूरला जायच्या. पहिल्या फेरीच्या आधी त्या सगळ्या मिळून मयूरीला भेटायला आल्या. सिंधूबाईंनी साडी आणि पेढे आणले होते. मयूरी त्यांना म्हणाली, "पेढे कायचे? मी मागं राह्यली म्हणून का?" बाया पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून निघून गेल्या आणि नंतर एकदोघीच आल्या, त्याही रस्त्यावरूनच चौकशी करून गेल्या. सिंधूबाईंचं रक्त जाणं थांबलं. बेबीची गाठ चार महिन्यांत बोराएवढी झाली. प्रत्येक चांगली बातमी वस्तीत फिरत फिरत ताडपत्रीखाली पोचत होती.

फेब्रुवारीत मयूरी जिल्ह्याच्या रुग्णालयात गेली. तिने प्रफुलला दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. ताईला माझं तोंड दाखवायचं नाही. ओवीच्या केसांना तिचा हात लागू द्यायचा नाही. वृषाली रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पानटपरीजवळ उभी राहिली. शववाहिका तिच्यासमोरूनच बाहेर पडली. काचा काळ्या होत्या.

ओवी मार्चच्या शेवटी आली, दहावीचा शेवटचा पेपर देऊन, शाळेच्या गणवेशातच. वृषाली तेव्हा यंत्राजवळ होती. दारात उभ्या मुलीला तिने पटकन ओळखलं नाही. डोक्यावरचे केस मुलांसारखे बारीक कापलेले होते. तिने दप्तरातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत तिची वेणी होती.

"मीच कापली," ती म्हणाली. "आईने तुझा हात लागू द्यायचा नाही असं सांगितलं होतं. म्हणून इथे येऊन नाही कापली, घरीच कापली. मुळाची बाजू ही आहे. तपास."

"ओवी, बस ना आधी. पाणी..."

"तपास, मावशी. मी थांबते."

वेणीतली एक बट धुऊन, कापून, विरघळवून घ्यायला पाच तास लागले. ओवी स्टुलावर बसून राहिली. तिने पाणी घेतलं नाही. रेघ पडद्यावर उमटायला लागली तेव्हा ती उठून वृषालीच्या मागे आली.

"हीच का?"

"हो."

"आईची अशीच होती?"

वृषालीने मयूरीचा आलेख शेजारी उघडला. खोटं बोलण्याची ती एक संधी होती आणि ती तिने घेतली नाही. मूल लहान होतं, शरीर लहान होतं, शाळेतून आल्यावरची प्रत्येक दुपार त्याच टेबलावर हात टेकून गेलेली होती. ओवीची रेघ आईच्या रेघेच्या दीडपट उंचीवरून चालली होती. फक्त मुळाकडच्या सहा सेंटिमीटरांत, वासे काढून नेल्यानंतर, ती उतरत आली होती.

"तुझी जास्त आहे," वृषाली म्हणाली.

ओवीने मान हलवली. पेपरातला अपेक्षित प्रश्न आल्यावर हलवावी तशी.

"मग मलाही होणार?"

"ते हे यंत्र सांगत नाही. शरीरात काय शिरलं तेवढंच सांगतं. पुढे होईल, किंवा नाहीही होणार. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी. लक्ष ठेवावं लागेल."

"कोण ठेवणार?"

वृषालीने मयूरीचा आलेख बंद केला.

"बाबा उमरेडच्या खाणीवर चाललेत," ओवी म्हणाली. "मला आजीकडे पाठवत होते. मी नाही म्हटलं. मी तुझ्याकडे राहणार आहे. अकरावी इथेच करीन."

वृषालीच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं असावं. तिला स्वतःला ते कळलं नाही, पण ओवीला दिसलं.

"खूश नको होऊस, मावशी. मी काही विसरून नाही आले. आजीकडे गेले असते तर मला काही झालं तेव्हा तुला फोनवर कळलं असतं. तू चार दिवस रडली असतीस आणि मग कामाला लागली असतीस. तसं नाही करायचं. मी रोज सकाळी तुझ्यासमोर उठणार. दर सहा महिन्यांनी तू मला तपासायचं आणि जे निघेल ते तू स्वतः मला सांगायचं. आईला सांगितलंस तसं उभं राहून नाही. बसून सांगायचं."

"किती वर्षं?" वृषालीने विचारलं. विचारून झाल्यावर तिला प्रश्नाची लाज वाटली.

"जितकी असतील तितकी," ओवी म्हणाली.

यंत्राने काम संपल्याची घंटी दिली. वृषालीने निकालाचा कागद काढला आणि वर नमुन्याचं नाव लिहायला पेन उचललं. ओवीने तिच्या हातातून पेन घेतलं, स्वच्छ अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीख घातली आणि कागद घडी करून स्वतःच्या दप्तरात ठेवला.

"चल," ती म्हणाली. "मला भूक लागली आहे."